काही होणार नाही ना?

(वाचनालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मी चौथीत असताना मला या वाचनालयाचं सभासद करून घेतलं. पुस्तक घरी नेताना ते एकच बजावायचे, पानाचा कोपरा दुमडू नकोस, तुझ्यानंतर कुणीतरी ते वाचणार आहे. पुढे माझ्या आयुष्यात असा काळ आला की ‘माझ्यानंतर कुणीतरी’ आणि ‘माझ्याआधी कुणीतरी’ या दोन कल्पनांनी माझी झोप उडवली. १९९३ ते २००२ ही नऊ वर्षं मी या इमारतीची पायरी चढले नाही. पानावर आधीच्या वाचकाच्या बोटाचा डाग दिसला की ते रक्त असेल असं मला वाटायचं. त्या नऊ वर्षांबद्दल आज बोलायचं मी ठरवलं आहे. हा विषय आपल्याकडे एक तर दवाखान्याच्या बंद दाराआड निघतो, नाहीतर चेष्टेत. तो इथे, उजेडात, माणसांसमोर निघावा.

मी बँकेत कॅशियर होते. सांगली जिल्ह्यातलीच एक शाखा. तेव्हा शंभर नोटांच्या प्रत्येक पॅकेटला जाड पिना मारलेल्या असत. त्या उचकटायच्या, नोटा मोजायच्या, पुन्हा पिना मारायच्या. दिवसातून एकदा तरी बोटाला टोचणार, हे ठरलेलंच. कुणी त्याची दखल घेत नसे. बोट तोंडात धरायचं आणि पुढचं पॅकेट ओढायचं.

१९९३च्या उन्हाळ्यात एका पॅकेटची पिन माझ्या अंगठ्यात गेली. नोटेवर तपकिरी डाग होता. संध्याकाळी एसटी स्टँडवर एड्सची माहिती देणारं पोस्टर दिसलं. ते मी आधीही पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र वाटलं, ही पिन माझ्याआधी कुणाला टोचली असेल? भारतात एड्सच्या विषाणूची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. आमच्या भागातून पुणे–बेंगळूरू महामार्ग जातो, ट्रक जातात, आणि त्या काळात सांगली-मिरजेचं नाव या आजाराच्या संदर्भात वारंवार छापून येत असे. माझ्या भीतीला लागणारं सगळं साहित्य आजूबाजूला तयार होतं.

मी अडाणी नव्हते. महिनाभरात मी मिळेल ते वाचून काढलं. वाळलेल्या रक्तातला हा विषाणू दुसऱ्याला बाधण्याजोगा राहत नाही, नोटेच्या पिनेने तो कुणाला होत नाही, हे मला कळलं होतं आणि पटलंही होतं. तरी मी रक्त तपासून घेतलं. अहवाल निर्दोष आला. आनंद दोन दिवस टिकला. मग वाचनात आलं की संसर्गानंतर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत काही दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावं. तीन महिने थांबले, पुन्हा तपासलं. पुन्हा निर्दोष. आता वाटलं, बाटलीवरची चिठ्ठी बदलली असेल तर? दुसऱ्या गावी, दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या खुर्चीच्या हातावर लाल ठिपका दिसला. नऊ वर्षांत मी अकरा वेळा रक्त तपासलं. अकराही अहवाल एकसारखे होते.

माझ्या खऱ्या आजाराचं मर्म त्या अकरा अहवालांत आहे. लोकांना वाटतं, हा घाणीचा किंवा स्वच्छतेचा प्रश्न आहे. मला हवी होती ती खात्री. शंभर टक्के, कायमची, पुन्हा विचारावं लागणार नाही अशी. तशी खात्री जगात कुणालाही, कशाचीही मिळत नाही. बाकीची माणसं नव्व्याण्णववर थांबतात आणि जेवायला बसतात. मला तो उरलेला एक जेवू देत नव्हता.

मग हात धुणं सुरू झालं. आमच्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी. दोन टिपं भरून ठेवायची. त्यातलं एक संध्याकाळी माझ्या एकटीच्या हातांवर संपायचं. आधी साबण, मग डेटॉल, मग पुन्हा साबण, कोपरापर्यंत, ठरलेल्या क्रमाने. क्रम चुकला की पहिल्यापासून. मोजताना मध्येच कुणी हाक मारली तरी पहिल्यापासून. हिवाळ्यात कातडी फाटायची, भेगांतून रक्त यायचं आणि त्या उघड्या भेगा ही नवी भीती व्हायची. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. हात असे का झाले, हे त्यांनी विचारलं नाही. आमच्या घरच्या डॉक्टरांनी मन रमवायला सांगितलं. आणखी एकांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. यांतलं कुणी वाईट नव्हतं. पण अचूक प्रश्न विचारायला नऊ वर्षं लागली, आणि हे फक्त माझ्या बाबतीत घडलेलं नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंत कित्येक वर्षं जाणं, हे या आजारात जगभर दिसतं.

बँकेत माझं कौतुक व्हायचं. मॅडमचं टेबल बघा, किती स्वच्छ.

इथे मला माझ्या आत्याबद्दल बोलायला हवं. लहानपणी सुट्टीत आम्ही तिच्या वाड्यात जायचो. आत्या पहाटे उठून विहिरीवर जायची आणि तिचं सोवळं कधी पुरं व्हायचंच नाही. कावळा शिवला असेल, वाळत घातलेल्या लुगड्याला पोरांचा हात लागला असेल, ओलेत्याने परतताना पायाखाली काही आलं असेल. पुन्हा स्नान. थंडीत ओठ काळेनिळे व्हायचे. घरातले म्हणायचे, फार कडक सोवळं आहे हो तिचं, आणि त्या वाक्यात अभिमान असायचा. माझ्या आजीने मात्र एकदा हळूच म्हटलं होतं, ‘मंत्रचळ लागलाय तिला.’

मंत्रचळ. हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. मंत्र जपताना चुकलं की माणसाची बुद्धी चळते, मग तो तेच ते पुन्हा करत राहतो, असा समज त्यामागे आहे. समज चुकीचा, पण निरीक्षण किती बारीक! चूक झाली असेल का, ही शंका आणि म्हणून पुन्हा पहिल्यापासून. आज ज्याला आपण ओसीडी म्हणतो त्याचं वर्णन आमच्या आजीला येत होतं. उपचार तेवढा नव्हता. कपाट नीट लावायला आवडतं म्हणून ‘मला ना ओसीडी आहे’ असं हसत सांगणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींना मी कळकळीने सांगते, तो शब्द जपून वापरा. आत्याचे निळे ओठ मी पाहिले आहेत.

सोवळ्याचा विषय काढला की एक गोष्ट स्पष्ट बोलायलाच हवी. माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो ही कल्पना आपल्या समाजाने शतकानुशतकं राबवली. ती क्रूरता होती, शुद्धीत आणि स्वार्थापोटी केलेली. तिला आजार म्हणून माफी देता येणार नाही. आत्याचा आजार वेगळा, पण तो त्याच विहिरीचं पाणी प्यायला होता. हा आजार आपली भाषा आजूबाजूच्या जगाकडून उसनी घेतो. आत्याला विटाळाची भाषा मिळाली, मला एड्सची. अलीकडे मला भेटलेल्या एका मुलाला रेबीजची मिळाली आहे. रस्त्यावरचं कुत्रं दहा फुटांवरून गेलं तरी त्याला लस घ्यावीशी वाटते.

उसन्या घेतलेल्या या भाषेतून आणखीही काही आत येतं, आणि ते सांगताना मला लाज वाटते. काउंटरवर सगळ्यांच्या नोटांना मी सारखी घाबरत नव्हते. ट्रक ड्रायव्हरच्या नोटांनंतर मी जास्त वेळ हात धुवायची. एका विशिष्ट वस्तीतून पैसे भरायला येणाऱ्या बायकांनंतर तर त्याहून जास्त. त्या बायका आम्हाला ‘ताई’ म्हणायच्या. त्याच काळात, १९९२पासून, सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था अशाच बायकांना बरोबर घेऊन एड्सविरुद्ध काम करत होती. त्यांच्यासमोर तो धोका खराखुरा उभा होता आणि त्या तो ओळखून, मोजून जगत होत्या. माझ्यासमोर तो नव्हता, आणि मी त्यांच्या हातच्या नोटा दोन बोटांच्या टोकांनी धरत होते. माझा आजार खरा होता. त्याने बोट कुणाकडे दाखवायचं, हे मात्र त्याला माझ्या समाजाने शिकवलं होतं.

घराचं काय झालं ते सांगते. माझे पती शिक्षक. घरात पाऊल टाकण्याआधी त्यांनी बाहेरच कपडे बदलायचे, पाकीट खिडकीत ठेवायचं, मग मी नेमलेल्या क्रमाने हात धुवायचे. रोज रात्री मी त्यांना विचारायची, ‘अहो, काही होणार नाही ना?’ ते म्हणायचे, ‘नाही गं.’ दहा मिनिटांनी पुन्हा. मोजलं नाही, पण रात्रीत तीसएक वेळा होत असेल. ते प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे उत्तर देत. त्यांच्याइतक्या प्रेमाने माझा आजार दुसऱ्या कुणी वाढवला नसेल. हे विधान मी त्यांच्या संमतीने करते आहे.

अमेरिकेतले हॉवर्ड ह्यूज, विमानं बांधणारे, चित्रपट काढणारे अब्जाधीश, यांची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. जंतूंच्या भीतीपायी त्यांनी फळांचा डबा कसा उघडायचा याच्या पायरीपायरीने लेखी सूचना नोकरांना दिल्या होत्या. नोकर त्या पाळत. शेवटची वर्षं त्यांनी हॉटेलांच्या अंधाऱ्या खोल्यांत काढली आणि १९७६ साली हाडांचा सापळा होऊन ते गेले. पैशाने त्यांना काय मिळालं, तर आजाराचं प्रत्येक म्हणणं ऐकणारी माणसं. आमच्याकडे ते काम प्रेम करत होतं, एवढाच फरक.

आमची मुलगी १९९४ सालची. २००१च्या पावसाळ्यात ती शाळेतून येताना अंगणात घसरून पडली. गुडघा फुटला. ती दारात उभी राहून रडत होती, ‘आई, उचल ना.’ मी नुकतीच बँकेतून आले होते, हात धुवायचे होते. तिच्या उघड्या जखमेला माझे हात लागले तर माझ्यामुळे तिला काही होईल, या भीतीने मी उंबऱ्याच्या आत थिजून उभी राहिले. शेजारच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी तिला उचललं. ती काकूंच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेचा आदेश आला. नोटांच्या पॅकेटांना पिना मारणं बंद करा, कागदी पट्ट्या लावा. मला वाटलं, सुटले. पिना गेल्या म्हणजे भीती गेली. तीन आठवडे खरंच बरे गेले. मग एके दिवशी बँकेत चहाचा कप ओठाला लावताना वाटलं, हा आधी कुणी प्यायला असेल? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझी भीती पिनेत नव्हतीच. पतींनी सुट्टी काढली आणि आम्ही पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो.

त्या डॉक्टर बाईंना मी एक प्रश्न विचारला. लोक मला बाबा आमट्यांचं उदाहरण द्यायचे. वरोऱ्याला रस्त्यात महारोगाने झडलेला तुळशीराम दिसला आणि बाबा घाबरून पळाले. त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली, ते परत फिरले, आणि त्यातून पुढे १९४९ साली आनंदवन उभं राहिलं. मी म्हटलं, ‘मी तर रोज परत जाते. आठ वर्षं रोज सात तास त्याच नोटांना हात लावते. माझी भीती का जात नाही?’

त्या म्हणाल्या, ‘कारण प्रत्येक वेळी तुम्ही हात धुता.’

यात सगळं आलं, पण थोडं उलगडून सांगते. भीती ही लाटेसारखी असते. ती चढते आणि आपण काहीच केलं नाही तर आपोआप उतरते. हात धुतले की लाट मध्येच तोडली जाते. तात्पुरतं बरं वाटतं आणि मेंदू चुकीचा धडा घेतो, धुतलं म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी लाट तितकीच उंच. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने हे ओळखलं. भीती वाटते त्या गोष्टीला रुग्णाने सामोरं जायचं आणि त्यानंतरची कृती, धुणं, तपासणं, विचारणं, करायची नाही. १९६६ साली त्याने दोन रुग्णांवरच्या या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तोवर हा आजार जवळजवळ असाध्य मानला जाई. आज हा उपचार नेटाने पुरा करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना चांगला फरक पडतो. मला याच्या जोडीला फ्लुऑक्सेटिनची गोळी होती. या आजारात औषधाची मात्रा बहुधा जास्त लागते आणि गुण यायला दहा-बारा आठवडे जातात. दोन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून गोळी सोडून देणारे मी फार पाहिले आहेत. कृपा करून सोडू नका.

आम्ही एक शिडी लिहून काढली. खालची पायरी, दाराची कडी. मधली, मळकी दहाची नोट. वरची, जुन्या नोटांचं अख्खं पॅकेट मांडीवर घेऊन बसायचं आणि नंतर हात न धुता भाकरी खायची. सगळ्यात वरच्या पायरीवर मी लिहिलं होतं, मुलीची वेणी घालणे. प्रत्येक पायरीवर भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे. पहिल्या नोटेला मी नव्वद दिले. वीस मिनिटांनी पंचाऐंशी, तासाभराने साठ. मी घड्याळाकडे बघून रडले. भीती आपोआप खाली येते, हे नऊ वर्षांत मला ठाऊकच नव्हतं, कारण मी तिला कधी तासभर थांबूच दिलं नव्हतं.

याहून अवघड काम पतींचं होतं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, ‘या विचारतील, तुम्ही उत्तर द्यायचं नाही.’ त्यांनी विचारलं, ‘मग म्हणू काय?’ ‘माहीत नाही म्हणा.’ पहिल्या रात्री मी विचारलं, ‘अहो, काही होणार नाही ना?’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मला माहीत नाही.’ मी त्यांच्यावर ओरडले, दुष्ट म्हटलं, अंथरुणात उठून बसले. ते हलले नाहीत. पहाटे कधीतरी मला झोप लागली. उत्तर न मिळता आलेली ती पहिली झोप.

हे ऐकून कुणी घरी जाऊन नळ बंद करील किंवा आजारी माणसाचा हात धरून चिखलात घालील, म्हणून सांगते. तो उपचार नव्हे, छळ आहे. शिडी रुग्णाने स्वतः लिहायची असते. प्रत्येक पायरी त्याच्या संमतीने, जाणकाराच्या देखरेखीखाली.

वेणीच्या पायरीपर्यंत पोचायला मला चौदा आठवडे लागले. मुलगी पाठमोरी बसली होती. तिचे केस हातात घेतले तेव्हा ती आखडून बसली, कारण तिला माझ्या हातांची सवय राहिली नव्हती. वेणी वाकडी झाली. ती तशीच घेऊन ती शाळेत गेली.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अनेकांनी मला फोन केले. आता सगळं जग तुझ्यासारखं झालं, म्हणाले. घरोघरी दुधाच्या पिशव्या धुतल्या जात होत्या, भाज्या सोड्याच्या पाण्यात बुडत होत्या, वर्तमानपत्राला लोक हात लावत नव्हते. मी घाबरले होते, खोटं सांगत नाही. पण मला एक आधार सापडला. वीस सेकंद हात धुवा, असं आरोग्य यंत्रणा सांगत होती. म्हणजे एकविसावा सेकंद आजाराचा. मी वीसला नळ बंद करायची. आधीच्या नऊ वर्षांत धुणं कुठे थांबवायचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या वर्षी दोनदा मी घसरले, पुन्हा डॉक्टरांशी बोलले, गोळी वाढवली. मी आजही गोळी घेते. हा आजार मधुमेहासारखा सांभाळावा लागतो आणि तो सांभाळता येतो.

जगभरच्या पाहण्या सांगतात की शंभरातल्या दोघांना तरी आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो. या सभागृहात तीनशे माणसं असतील, तर हिशेब तुम्हीच करा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं आणि जवळचा उपचार कुठे मिळेल ते विचारता येतं. हा क्रमांक वाचनालयाच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवावा, अशी कार्यवाहांना माझी विनंती आहे.

आज इथे कुणीतरी दाराच्या कडीला हात न लावता, कोपराने दार ढकलून आत आलं असेल. त्या व्यक्तीला मला भेटायचं आहे. व्याख्यान संपल्यावर मी मागच्या दाराशी, पुस्तकांच्या कपाटाजवळ थांबते. काहीही विचारा. फक्त ‘काही होणार नाही ना’ हे विचारू नका, त्याचं उत्तर मी देणार नाही. पुढचा तासभर तुमच्याजवळ बसून राहीन.